माणूस कुठून आला? शंभर वर्षांचा एक वाद आणि वारकरी



दिंडीच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात मंडळींनी मलाही चार ओळी लिहायला सांगितल्या. माझी शाळा चौथीपर्यंत. बहात्तरच्या दुष्काळात पाटी सुटली ती सुटलीच. पुढचं शिक्षण पारायणात, कीर्तनात आणि वावरात झालं, तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. विषय मात्र मी मुद्दाम निवडला आहे. वारीच्या वाटेवर तरुण पोरं हल्ली हा प्रश्न वरचेवर विचारतात: शाळेच्या पुस्तकात उत्क्रांती आहे, कीर्तनात चौऱ्यांशी लक्ष योनी आहेत, मग खरं कोणतं धरायचं?

या प्रश्नाला डोळे वटारून उत्तर देता येत नाही. पोरं चेष्टा करत नसतात. त्यांना दिंडीही हवी असते आणि परीक्षाही द्यायची असते. म्हणून हा वाद मूळ कुठला, आपल्या मुलखात कसा आला आणि वारकऱ्यानं त्यात कुठं उभं राहावं, हे जरा क्रमानं मांडतो.

आपली दिंडी निघू लागली तेव्हा हा पूर्णाकाठ निजामाच्या राज्यात होता. केदारखेड्याहून पंढरपूरला जायचं म्हणजे निजामाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात शिरायचं. त्याच सुमाराला, १९२५ च्या जुलै महिन्यात, तिकडं अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन नावाच्या लहान गावात एक खटला चालला. जॉन स्कोप्स नावाच्या शाळामास्तरावर आरोप असा, की त्यानं पोरांना उत्क्रांती शिकवली. माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवायचं नाही, असा कायदा त्या राज्यानं त्याच वर्षी केला होता. मास्तरला शंभर डॉलर दंड झाला. १९२७ साली वरच्या कोर्टानं दंडाच्या एका तांत्रिक मुद्द्यावरून तो निकाल रद्द केला, पण कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला.

तिथं भांडण पेटायला कारण होतं. त्यांच्या धर्मग्रंथात सहा दिवसांत सृष्टी झाल्याचं सांगितलं आहे. सतराव्या शतकात आयर्लंडच्या एका आर्चबिशपनं हिशेब मांडून सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ साली झाली असं ठरवलं होतं. म्हणजे सगळी मिळून सहा हजार वर्षं. ग्रंथातलं अक्षर न अक्षर तसंच घडलं असं धरणाऱ्याला चार्ल्स डार्विनचं १८५९ सालचं पुस्तक जड गेलं यात नवल नाही. तरी तिथंही सगळे धार्मिक लोक विरोधात नव्हते. आईबापांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात हे ज्यानं शोधलं, तो ग्रेगोर मेंडेल मठातला साधू होता. मठाच्या बागेत वाटाणा लावायचा आणि एकेक दाणा मोजायचा. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला. पुढं १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनीही सांगितलं, की उत्क्रांती हा आता नुसता तर्क राहिलेला नाही.

आपल्याकडं काळाची अडचण कधीच नव्हती. एकटं कलियुगच ४ लाख ३२ हजार वर्षांचं आणि ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. आज शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं सांगतात. हे दोन आकडे जवळ दिसले, की काही वक्ते "आमच्या ऋषींना आधीच ठाऊक होतं" म्हणून टाळ्या घेतात. मला ते पटत नाही. शास्त्रज्ञांचा आकडा आकाशातून पडलेल्या दगडांमधलं शिसं मोजून निघाला. आपला आकडा युगांच्या गुणाकारातून निघाला. त्याचं कामही वेगळं आहे. एवढ्या मोठ्या काळात आपलं आयुष्य चिमूटभर आहे हे ध्यानात यावं आणि माणसाचा ताठा उतरावा, एवढ्यासाठी तो आहे.

आता महाराष्ट्राकडं येऊ. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथात दशावतारांचा अर्थ इतिहास म्हणून लावला. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन हे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे पुढारी आणि बळी हा इथल्या रयतेचा राजा, अशी त्यांची मांडणी. ती सगळ्यांना मान्य होईल असं नाही, पण दिवाळीला बळीराजाचं नाव घेणाऱ्या शेतकऱ्याला ती ठाऊक असावी. चार वर्षांनी, १८७७ साली, मॅडम ब्लाव्हाट्स्की नावाच्या रशियात जन्मलेल्या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये एक इंग्रजी ग्रंथ छापला आणि त्यात दशावतार डार्विनच्या विचाराशी जोडून दाखवले. आधी पाण्यातला मासा, मग पाणी आणि जमीन दोन्हीकडचं कासव, मग जमिनीवरचं डुक्कर, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका माणूस. आज गावोगावच्या सप्ताहात "आपल्या पुराणात डार्विन आधीच आहे" म्हणून हाच दाखला देतात. ऐकायला गोड आहे. पण तो दाखला दीडशे वर्षांचा आहे, पुराणाइतका जुना नाही.

आणि नीट पाहिलं तर तो बसतही नाही. अवतार म्हणजे वरून खाली उतरणं. मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला नाही, वराहाचा मुलगा नृसिंह नव्हे. देव तोच, रूप वेगळं, आणि येण्याचं कारण भक्तावरचं संकट. डार्विन सांगतो ती गोष्ट वंशाची आहे. बापापासून मुलगा, मुलापासून नातू, असा लाखो पिढ्यांत थोडाथोडा फरक साचत गेला. चौऱ्यांशी लक्षांचंही तसंच आहे. ९ लाख जलचर, २० लाख स्थावर, ११ लाख कृमी, १० लाख पक्षी, ३० लाख पशू आणि ४ लाख मनुष्य, असा हिशेब आपण सांगतो. त्यात जीव एका योनीतून दुसरीत जातो, योनी आहे तशीच राहते. शास्त्र सांगतं की योनीच बदलत जाते. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, आणि ओढून-ताणून एक करण्यात शास्त्राचाही मान राहत नाही, संतांचाही नाही. शास्त्राचं पुस्तक नवा पुरावा मिळाला की बदलतं. देवाला त्या पुस्तकाच्या आधारावर उभं केलं, तर पुस्तकाची नवी आवृत्ती निघाल्यावर देवाचं काय करायचं?

मात्र त्या हिशेबातली एक गोष्ट मला मोठी वाटते. झाड, किडा, मासा, पाखरू, जनावर आणि माणूस सगळे एकाच सातबाऱ्यावर आहेत. माणसाचा उतारा वेगळा काढलेला नाही.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी सांख्यांच्या विचाराशेजारी हेकेल या जर्मन पंडिताचा उत्क्रांतीचा विचार ठेवून दोन्ही तपासले. पश्चिमेकडचं म्हणून फेकून दिलं नाही. त्यांनी एक बारीक गोष्ट दाखवली आहे. ‘उत्क्रांती’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ मृत्यू, म्हणजे जीवानं देह सोडून निघणं. म्हणून त्यांना ‘गुणोत्कर्ष’ किंवा ‘गुणपरिणाम’ असे शब्द बरे वाटले. मराठीत शेवटी उत्क्रांतीच रुळला. त्यामुळं तो शब्द कानावर पडला की जुन्या वारकऱ्याला गीतेचा पंधरावा अध्याय आठवतो आणि नातवाला विज्ञानाचा धडा. भांडणाचा बराच भाग असा शब्दाच्या घोळातला आहे.

आता आपल्या दाराशी घडलेलं सांगतो. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वैदिक संमेलन भरलं होतं. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथं म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्राच्या दृष्टीनं चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यासात हे बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही मोठ्या विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. त्यांच्याच खात्याचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधानं करू नका असं त्यांना सांगितलं. मला कोणाची निंदा करायची नाही. पण "कोणी पाहिलं नाही" हे वाक्य ज्या हंगामात बोललं गेलं तो हंगाम शेतकऱ्यानं आठवावा.

तो २०१७ च्या खरिपाचा कापूस होता. मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. वरून बोंड हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. फुलांच्या डोमकळ्या झाल्या. वेचणीला गेलेल्या बायांच्या हाती कवडी कापूस आला. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली, नांगर घातला.

आता ही अळी आली कुठून? बीटी कपाशीला सरकारनं २००२ साली परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचा गुण झाडात घातलेला, त्यामुळं बोंड खाल्लं की अळी मरायची. २००६ साली दोन गुण घातलेलं बियाणं आलं. सुरवातीची वर्षं बरी गेली. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते, की तिला ते विष जन्मतःच कमी बाधतं. बाकीच्या मेल्या, ती वाचली. तिची पिल्लं तिच्यासारखी चिवट निघाली. त्यांतलीही जास्त चिवट होती ती उरली. असं दरसाल होत गेलं. अळीनं काही ठरवलं नव्हतं आणि तिला कोणी शिकवलंही नव्हतं. मरणाऱ्या मेल्या, उरणाऱ्या उरल्या आणि उरलेल्यांचा वंश वाढला. पंधरा वर्षांत वावरातली अळीची जातच बदलली. यालाच डार्विन नैसर्गिक निवड म्हणतो.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी यायची, ती याच कारणासाठी होती. कडेच्या साध्या झाडांवर विषानं मरणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांची चिवट पतंगांशी जोडी लागावी आणि पुढची पिढी पुन्हा मरणारी निघावी, असा तो हिशेब. गावोगाव ती पुडी बांधावर पडली, कारण ती कशाला आहे हे शेतकऱ्याला कोणी नीट समजावलं नाही. वर दोन पैशांसाठी फरदड ठेवली गेली, मग अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळालं. उत्क्रांती खरी की खोटी हा पंडितांचा वाद वाटतो, पण त्याचं बिल कापूसवाल्यानं भरलं.

कोणी म्हणेल, महाराज, अळी शेवटी अळीच राहिली, तिचा काही बेडूक झाला नाही. बरोबर आहे. पंधरा वर्षांत एवढंच व्हायचं. हीच रीत कोट्यवधी वर्षं चालली तर किती बदल साचेल, याचा विचार करावा. आमच्या आज्या खळ्यावरून ज्वारीची टपोरी कणसं निवडून बियाण्याला ठेवत. निवडीनं वाण बदलतो हे त्यांना शाळेत न जाता ठाऊक होतं. डार्विनच्या पुस्तकाचा पहिला अध्यायही पाळीव जनावरं आणि लावलेली पिकं यांचाच आहे. आणि आजचं माकड आपला आजोबा असं तो म्हणतच नाही. माकडं आपली भावकी आहेत. चिंपांझी आणि माणूस यांचं घर साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळं झालं, एवढंच शास्त्र सांगतं.

मग देव गेला का? याला मी शाळिग्रामाचा दृष्टांत देतो. तुळशीच्या लग्नात आपण पुजतो तो शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीत सापडतो. शास्त्रज्ञ सांगतात, त्यातलं चक्र म्हणजे समुद्रातल्या शंखासारख्या जिवाचा दगड झालेला सांगाडा आहे, दहा-पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. आज हिमालय आहे तिथं तेव्हा समुद्र होता. आपल्या विहिरींना मुरमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला, आणि साधारण त्याच काळात शाळिग्रामातल्या जिवांचं गोत्र जगातून संपलं. हे कळल्यावर माझ्या हातून तुळशीपत्र वाहायचं थांबलं नाही. दगड कशाचा आहे हे भूगर्भवाल्यानं सांगावं. त्याच्यापुढं मी कोण म्हणून उभा आहे, हे त्याच्या हातोडीनं सांगता येत नाही.

पण नुसतं "तुमचं तुम्ही, आमचं आम्ही" म्हणून हा वाद मिटत नाही. दोघांची गाठ एका ठिकाणी पडतेच, ते ठिकाण म्हणजे पंगत. इरावती कर्वे यांचं उदाहरण देतो. त्या मानवशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. तिथल्या गुरूंचं म्हणणं, की गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून ते वरचढ. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक नाही असं लिहून दिलं. पुढं हिटलरच्या राज्यात त्या वंशाच्या गर्वानं काय केलं ते जगाला माहीत आहे. म्हणजे शास्त्राच्या नावानंही माणसं खालीवर लावली गेली, आणि ती चूक शास्त्रातल्याच प्रामाणिक मोजमापानं उघडी पडली. याच बाई पंढरीच्या वाटेनं दिंडीबरोबर चालल्या. त्यावरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख १९४९ सालच्या ‘परिपूर्ती’ पुस्तकात आहे. वारीवर त्यांचा जीव जडला. पण एकाच दिंडीत भजन एकत्र आणि ब्राह्मण-मराठ्यांच्या पंगती वेगळ्या, हे त्यांना खुपलं आणि तसं त्यांनी लिहिलं.

ज्ञानेश्वर माऊलींनी पैठणला रेड्यामुखी वेद बोलवले. नाथांनी काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली. नामदेवराय भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले. हे तिघंही आपल्या मराठवाड्यातले. या कथा आपण सांगत आलो आणि तरी पंढरीच्या मंदिराचं दार सगळ्यांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. जनुकाचं शास्त्र आज सांगतं की सगळी माणसं एका मुळाची. संतांनी ते वेगळ्या वाटेनं, अनुभवानं सांगितलं. खरा झगडा असला तर तो या दोघांचा, जन्मावरून उंच-नीच ठरवणाऱ्यांशी आहे.

एक अडचण मात्र मी लपवत नाही. उत्क्रांतीत मरण फार आहे. एक टिकतं, त्यामागं हजार जातात. जिवंत अळीच्या अंगात अंडी घालणारी गांधीलमाशीच्या गोतातली एक माशी असते. आपण कपाशीत ट्रायकोकार्ड लावतो, ते किडे त्याच गोतातले. ती पाहून दयाळू देव असं का करील हा प्रश्न डार्विनला पडला. १८५१ साली त्याची दहा वर्षांची लेक ॲनी गेली आणि तो फार खचला. तरी १८७९ साली एका पत्रात त्यानं लिहिलं, की माणूस देवावर पक्की श्रद्धा ठेवणारा आणि उत्क्रांती मानणारा असा दोन्ही असू शकतो. स्वतःबद्दल मात्र त्याचं म्हणणं असं, की देव नाहीच असं मी कधी धरलं नाही, मला ते कळत नाही. आपल्या तुकोबारायांचीही पहिली बायको आणि मुलगा १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेले. ते भंडाऱ्या डोंगरावर जाऊन विठ्ठलाशी भांडले आणि त्याच्याच पायाशी राहिले. दुःख सारखंच होतं, वाटा दोन झाल्या. यातला कोणता बाप खरा, हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरत नाही आणि कोणत्याही कीर्तनातही ठरवू नये. पोटच्या लेकराला पोचवून आलेल्या माणसाला मी विचारत नाही की तुझी श्रद्धा किती. त्याच्याजवळ जाऊन बसतो.

२०२३ साली केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून हरकत घेतली. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. नातीनं तो मला वाचून दाखवला. त्यात विठ्ठलाच्या विरोधात एक अक्षर नाही.

म्हणून दिंडीतल्या कीर्तनकार मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वाटचालीत दोन वाक्यं आपण व्यासपीठावरून बोलू नयेत: "कोणी पाहिलंय" हे एक, आणि "आमच्याकडं आधीच होतं" हे दुसरं. पहिल्यानं पोरं शाळेपासून तुटतात, दुसऱ्यानं ती आपल्याला हसायला लागतात. मुक्कामाला कृषी विज्ञान केंद्राचा माणूस बोलवावा, त्यानं बोंडअळी समजावून सांगावी, मग हरिपाठ व्हावा आणि मग पंगत बसावी. पंगतीत मात्र कोणाला कुळ-मूळ विचारू नये. सगळ्यांचं मूळ एकच आहे, हे आता दोन्हीकडून कळलं आहे.

राम कृष्ण हरी.